न दिसणाऱ्याची साक्ष

जे डोळ्यांना दिसत नाही त्याच्याविषयी आपण दिवसभर निवाडे करीत असतो. शेजारच्या घरात दोन रात्री उशिरापर्यंत दिवा जळताना दिसला की तेथे कोणी आजारी असावे असे आपण म्हणतो. पत्राचे उत्तर लांबले की लिहिणाऱ्याचे मन दुरावले असे समजतो. घरातील एखादी वस्तू हरवली आणि कामाचा माणूस नेमका त्याच दिवशी लवकर निघून गेलेला असला, तर पुढे विचार करण्याची गरजही आपल्याला वाटत नाही. दुसऱ्याचे अंतःकरण कोणीच पाहिलेले नसते. दिसते ते एखादे चिन्ह, आणि त्या चिन्हावरून आपण आत काय असेल ते ठरवतो. असे ठरविण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे, आणि तो अधिकार वापरताना ज्याच्याविषयी निवाडा करावयाचा त्याचे आपण काही देणे लागतो काय, हा या लेखाचा प्रश्न आहे.

प्रश्न जुना आहे. आपल्याकडील नैयायिकांनी प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली आणि त्यांपैकी अनुमानाची चिकित्सा इतकी बारकाईने केली की डोंगरावरील धूर आणि त्यावरून ओळखलेला अग्नी हे उदाहरण सर्वतोमुखी झाले. चार्वाकांनी त्याला हरकत घेतली. जे दिसले नाही ते मानावयाचे कशासाठी, असे त्यांचे म्हणणे. ही हरकत चोख असली तरी तिच्यावर कोणालाही एक दिवससुद्धा जगता येणार नाही. अनुमान टाकून देता येत नाही हे मान्य केले, की उरतो तो एवढाच प्रश्न, की ते प्रामाणिकपणे कसे करावे. या बाबतीत आधुनिक विज्ञानातील एका फारशा प्रसिद्ध नसलेल्या शाखेने पाऊणशे वर्षांत काही शिस्त घालून घेतली आहे. ती शिस्त माणसांच्या व्यवहारालाही विचार करावयास लावणारी आहे, असे आम्हांस वाटते. म्हणून आधी तिची ओळख करून देतो.

औषधाच्या बाटलीत किंवा कॅमेऱ्याच्या पेटीत ओलावा टिपण्यासाठी सिलिका जेलची पुडी ठेवलेली असते. हवेतील पाण्याची वाफ त्या दाण्यांच्या पृष्ठभागाला चिकटून राहते. वायूचे रेणू घन पदार्थात मुरण्याऐवजी असे पृष्ठभागावर धरून ठेवले जातात, तेव्हा त्या क्रियेला अधिशोषण म्हणतात. इंग्रजी व जर्मन भाषांतील तिचे नाव हाइनरिख कायझर यांनी १८८१ मध्ये रूढ केले, आणि अमेरिकन शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९१६ ते १९१८ या काळात तिचे गणित मांडले. पृष्ठरसायनातील कार्याबद्दल त्यांना १९३२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सिलिका, ॲल्युमिना, टायटॅनिया ही सर्व ऑक्साइडे होत. त्यांची बारीक, सच्छिद्र भुकटी घेतली तर एका ग्रॅमभर ॲल्युमिनाचा पृष्ठभाग दोनशे चौरस मीटरांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ टेनिसच्या मैदानाएवढा भरतो. तेलशुद्धीकरण कारखान्यातील उत्प्रेरक असोत की मोटारीच्या धुराड्यातील विषारी वायू निवविणारे उपकरण असो (आपल्या देशात चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना ते १९९५ पासून सक्तीचे झाले), सगळे महत्त्वाचे व्यवहार या पृष्ठभागावर घडतात. पण तो पृष्ठभाग भुकटीच्या छिद्राछिद्रांत दडलेला असतो. त्यावर अणू कसे मांडले आहेत, त्यांपैकी कोणता अणू वायूच्या रेणूला धरतो, हे थेट पाहण्याची सोय नव्हती आणि अशा भुकटीच्या बाबतीत आजही ती फारशी नाही.

येथे अवरक्त किरणांची मदत झाली. विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात तापमापक ठेवून पाहिले, तेव्हा तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्याला काहीच दिसत नाही तेथे, पारा अधिक चढला. हेच अवरक्त किरण. रेणूतील अणू एकमेकांशी स्प्रिंगने जोडल्यासारखे सतत कंप पावत असतात, आणि ज्या किरणांची कंपने त्यांच्या कंपनांशी जुळतात तेवढेच किरण रेणू शोषून घेतो. म्हणून किरणांच्या पट्ट्यात कोठे खाच पडली हे पाहिले की कोणता रेणू हजर आहे ते कळते. शास्त्रज्ञ ही जागा एका सेंटिमीटरमध्ये किती तरंग मावतात त्या संख्येने सांगतात. कार्बन मोनॉक्साइडची जागा आहे २१४३. मोकळ्या वायूतील हा रेणू कंपनाबरोबर गिरक्याही घेत असल्यामुळे २१४३ च्या दोन्ही बाजूंना फणीच्या दातांसारख्या बारीक रेषा उमटतात. तोच रेणू पृष्ठभागाला चिकटला की गिरक्या थांबतात, फणी नाहीशी होते आणि एकच पट्टा उरतो. एवढ्यावरूनच रेणू आता मोकळा नाही हे समजते.

सोव्हिएत संघातील अलेक्सांद्र तेरेनिन आणि त्यांचे सहकारी यारोस्लाव्हस्की यांनी १९४९ मध्ये सच्छिद्र काचेवर चिकटलेल्या रेणूंचे अवरक्त वर्णपट प्रसिद्ध केले. १९५४ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट आयशेन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकावर पसरलेल्या प्लॅटिनम, निकेल इत्यादी धातूंवरील कार्बन मोनॉक्साइडचे वर्णपट घेतले. पद्धत साधी वाटते. भुकटी दाबून पातळ चकती करावयाची. दर चौरस सेंटिमीटरला दहा-वीस मिलिग्रॅम वजनाची. ती निर्वात पात्रात ठेवून तिच्यातून किरण सोडावयाचे. वीस मिलिग्रॅम ॲल्युमिना म्हणजे सुमारे चार चौरस मीटर पृष्ठभाग. बोटाच्या पेराएवढ्या जागेतून जाणारा किरण एवढा पृष्ठभाग ओलांडून जातो, म्हणून एकेरी थरातील रेणूंचीही खूण उमटते. हे सर्व समजून घेतल्यावर एक गोष्ट ध्यानात येते. पृष्ठभाग स्वतः फारसे काही सांगत नाही. त्याच्याकडे एक पाहुणा पाठवावा लागतो, आणि पाहुण्याच्या स्वरात काय फरक पडला यावरून यजमानाचा स्वभाव ओळखावा लागतो. धनभारित धातू-आयनाने कार्बन मोनॉक्साइडला धरले तर त्याची खूण २१४३ च्या वर, कधी २२०० च्याही पुढे सरकते. ऑक्साइडावर बसविलेल्या धातूच्या अणूने धरले तर धातूकडील इलेक्ट्रॉन रेणूत शिरून त्याचा बंध सैल करतात आणि खूण खाली उतरते. पाहुणा बदलतो, आणि त्याच्या बदलण्यातच यजमान कळतो.

या मार्गाने मिळणारे ज्ञान वस्तूचे नसून संबंधाचे आहे, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. पण माणसांविषयी आपल्याला असलेले ज्ञान तरी याहून निराळे कोठे असते? एखाद्याचा उदारपणा याचकाच्या अनुभवातून कळतो, संयम अपमानाच्या प्रसंगी. एकांतातील, कोणाच्याही संपर्कात नसलेला स्वभाव ही गोष्ट बोलण्यापुरतीच आहे. तेव्हा संबंधातून जाणणे हा दोष मानण्याचे कारण नाही. दोष शिरतो तो पुढे, संबंधाची खूण वाचताना. ती वाचण्याची जी शिस्त या अभ्यासकांनी हळूहळू बसविली, तीत नीतीचा भाग बराच आहे.

पहिली गोष्ट पूर्वस्थितीची. वायू आत सोडण्यापूर्वी चकती निर्वातात चारपाचशे अंशांपर्यंत तापवून तिच्यावरील पाणी व कचरा काढून टाकतात, आणि मग पाहुणा नसतानाचा वर्णपट नोंदवून ठेवतात. नंतरच्या वर्णपटातून तो वजा केला की जे उरते तेवढेच पाहुण्यामुळे घडले असे म्हणता येते. ही वजाबाकी न करता काढलेला निष्कर्ष कोणतेही जाणते नियतकालिक छापणार नाही. त्यातही एक गंमत आहे. उपकरणातील हवेत कार्बन डायऑक्साइड असतो आणि त्याची खूण २३४९ च्या आसपास उमटते. प्रयोग करणाराच्या उच्छ्वासातील वायू आणि वाफ तेवढी खूण उमटविण्यास पुरते. नमुन्याची म्हणून वाचलेली खूण परीक्षकाच्या श्वासाची असू शकते! म्हणून उपकरणात कोरडा नायट्रोजन खेळवीत ठेवतात. माणसांच्या बाबतीत आपण ही वजाबाकी किती वेळा करतो? ज्याच्या तुटकपणाचा आपण निषेध करतो तो आपल्याशी बोलण्यापूर्वी कसा होता, त्या दिवशी त्याच्या घरी काय घडले होते, आणि त्याच्या तुटकपणात आपल्याच आवाजाचा वाटा किती होता, हे विचारल्याशिवाय केलेला निवाडा पूर्वस्थिती न नोंदविता केलेल्या प्रयोगासारखा असतो.

दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. चिन्ह एक, अर्थ अनेक. याचे उत्तम उदाहरण ॲल्युमिनाचेच आहे. तापवून कोरड्या केलेल्या ॲल्युमिनावरही ऑक्सिजन-हायड्रोजनच्या काही जोड्या शिल्लक राहतात आणि त्यांचे अनेक पट्टे ३७०० ते ३८०० या टापूत दिसतात. एकाच प्रकारच्या जोडीचे इतके पट्टे का? अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ पेरी यांनी १९६५ मध्ये उत्तर दिले, की जोडीच्या शेजारी किती ऑक्सिजन आहेत त्यावर पट्ट्याची जागा ठरते. ते उत्तर सुबक होते आणि बराच काळ मानले गेले. १९७८ मध्ये म्यूनिकचे हेल्मुट क्नोट्सिंगर आणि पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झालेले पॉल रत्नसामी यांनी वेगळी मांडणी केली: जोडी एका ॲल्युमिनियमशी बांधलेली आहे, दोहोंशी की तिहींशी, आणि त्या ॲल्युमिनियमभोवती किती ऑक्सिजन आहेत, यावर पट्टा ठरतो. २००० नंतर संगणकावरील पुंज-गणिताने पुन्हा काही पट्ट्यांचे अर्थ बदलले. पट्टे होते तेथेच होते. निदान तीनदा बदलला तो त्यांचा अर्थ, आणि बदलणारे सर्वजण जाणते व प्रामाणिक होते.

याहून बोलके उदाहरण निकेलवरील नायट्रिक ऑक्साइडचे आहे. ते ऑक्साइडाचे नसून धातूच्या स्वच्छ स्फटिकाचे आहे, पण धडा तोच. विशिष्ट टापूतील खूण म्हणजे रेणू दोन अणूंच्या मध्ये पुलासारखा बसला आहे, असा संकेत रूढ झाला होता आणि त्याप्रमाणे रेणूच्या बैठकीची जागा निश्चित केली गेली. १९९० च्या दशकात अणूंच्या जागा थेट मोजणाऱ्या निराळ्या पद्धतींनी पाहिले, तेव्हा रेणू तीन अणूंमधल्या खळग्यात बसलेले आढळले. खूण खोटी नव्हती. तिला चिकटविलेला संकेत, अनेकांनी अनेकदा उच्चारल्यामुळे, पुराव्याइतका भक्कम वाटू लागला होता. नैयायिकांनी हा धोका फार पूर्वी ओळखला होता. धूर असेल तेथे अग्नी असतो हे खरे, पण अग्नी असेल तेथे धूर असतोच असे नाही, कारण धुराला ओले सरपण लागते. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. या ओल्या सरपणासारख्या न उच्चारलेल्या अटीला ते उपाधी म्हणत, आणि अनुमान करणाराने उपाधी शोधून काढलीच पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. माणसांविषयीच्या आपल्या संकेतांत केवढ्या उपाधी दडलेल्या असतात! गरीब माणसाजवळ अचानक पैसे दिसले म्हणजे चोरी, हा संकेत त्याच्या घरी कोणी पैसे पाठविणारे नाही ही अट गृहीत धरतो. ती अट कोणी उच्चारीत नाही, म्हणून कोणी तपाशीतही नाही.

उपाधी शोधावयाची कशी? अभ्यासकांनी एक सुंदर युक्ती काढली. एखादा पट्टा हायड्रोजनचा समावेश असलेल्या बंधाचा आहे अशी शंका असेल, तर हायड्रोजनच्या जागी त्याचे दुप्पट वजनाचे समस्थानिक, ड्यूटेरियम, घालावयाचे. रसायन तेच राहते, वजन बदलते. सिलिकावरील एकट्या ऑक्सिजन-हायड्रोजन जोडीचा ३७४७ च्या आसपासचा पट्टा मग २७६० च्या आसपास उतरतो. तो उतरला तर शंका खरी. जागचा हलला नाही तर पट्टा दुसऱ्या कशाचा तरी आहे. नेहमीच्या कार्बनऐवजी तेरा वजनाचा कार्बन घातला की कार्बन मोनॉक्साइडची खूण २१४३ वरून २०९६ वर येते. या युक्तीचे मर्म असे आहे की अभ्यासक स्वतःच आपल्या मताला खोटे ठरण्याची संधी देतो. आपले मत चुकीचे असते तर काय दिसले असते, हे तो आधी ठरवतो आणि मग तेच शोधावयास जातो. संशयाच्या प्रसंगी माणूस बहुधा याच्या उलट वागतो. एकदा संशय धरला की पुढची प्रत्येक गोष्ट त्याला दुजोरा देणारी वाटते: संशयित घाबरला तर अपराधी म्हणून, शांत राहिला तर निर्ढावलेला म्हणून. ज्या मताला कोणतीच गोष्ट खोटे ठरवू शकत नाही ते मत दुसऱ्याविषयी काही सांगत नाही. ते धरणाराविषयी सांगते.

तिसरी गोष्ट परीक्षेच्या जातीची. ऑक्साइडाचा पृष्ठभाग कितपत आम्ल आहे हे पाहण्यासाठी पिरिडीन हा तीव्र दर्पाचा पदार्थ वापरतात. एका प्रकारच्या आम्ल जागेवर त्याची खूण १४५० च्या आसपास, दुसऱ्या प्रकारच्या जागेवर १५४५ च्या आसपास उमटते. ही पद्धत १९६३ पासून सर्वत्र रूढ आहे. ती उपयुक्त आहे, पण पिरिडीन हा बलवान पाहुणा आहे. कमजोर आम्ल जागेकडूनही तो प्रोटॉन ओढून घेऊ शकतो, आणि आकाराने मोठा असल्यामुळे अरुंद छिद्रांत शिरू शकत नाही. म्हणून नाजूक प्रश्न विचारावयाचा असेल तेव्हा अभ्यासक द्रव नायट्रोजनच्या, म्हणजे उणे १९६ अंशांच्या, थंडीत कार्बन मोनॉक्साइड वापरतात. तो हलका स्पर्श करतो, खूण देतो आणि दाब कमी केला की निघून जातो. तोच कार्बन मोनॉक्साइड गरम केलेल्या तांब्याच्या ऑक्साइडावर सोडला तर मात्र पृष्ठभागाचा ऑक्सिजन घेऊन कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने निघून जातो आणि मागे उरलेला पृष्ठभाग पूर्वीचा राहत नाही. परीक्षा घेणे म्हणजे काही करणे. पाहण्याला निरुपद्रवीपणाचा परवाना मिळालेला नाही. माणसाची निष्ठा पाहण्यासाठी त्याच्यापुढे मुद्दाम मोह ठेवणारे, सहनशीलता जोखण्यासाठी त्याला डिवचणारे आपल्या समाजात कमी नाहीत. नवी सून, नवा नोकर, नवा जावई यांना अशा परीक्षांतून जावे लागल्याच्या कथा प्रत्येक घराण्यात सापडतील. डिवचल्यावर माणूस रागावला तर तो रागीट ठरतो. वस्तुतः तो राग परीक्षकाने निर्माण केलेला असतो, आणि कधी कधी तो कायमचा मागे राहतो.

चौथी गोष्ट मौनाची. नायट्रोजन आणि ऑक्सिजन मिळून कोरड्या हवेचा ९९ टक्के भाग होतो, पण अवरक्त किरणांना ते जवळजवळ अदृश्य आहेत. दोन सारख्या अणूंच्या रेणूत विजेच्या भाराचा तोल कंपन करतानाही बिघडत नाही, आणि तोल बिघडल्याखेरीज किरण शोषला जात नाही. उपकरणातील हवा घालविण्यासाठी नायट्रोजन वापरतात तो याच कारणाने. तेव्हा वर्णपटात खूण नाही याचा अर्थ रेणू नाही असा होत नाही. आपण विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देण्याची त्याला सोय नाही, एवढाच होतो. तसेच, मोठी खूण म्हणजे मोठी संख्या असेही नाही. शेजाऱ्याशी हायड्रोजन-बंधाने जोडलेली जोडी एकट्या जोडीपेक्षा कितीतरी मोठा पट्टा देते. आणखी एक नवल असे की, हाच मुका नायट्रोजन किंवा हायड्रोजन थंड ऑक्साइडावर धनभारित आयनाच्या शेजारी बसला, की त्या भाराच्या प्रभावाने त्याचा तोल किंचित ढळतो आणि त्याची अंधूक खूण उमटू लागते. कुटुंबात, सभेत, गावात जे बोलत नाहीत त्यांना काही म्हणावयाचे नाही, असे आपण सहज धरून चालतो. ज्यांचा आवाज मोठा त्यांचे दुःख मोठे, असेही मानतो. मुक्या माणसाला बोलके करणारी संगत आपण दिली होती काय, हा प्रश्न त्यांच्या मौनावरून निष्कर्ष काढण्याच्या आधी यावयास हवा.

शेवटची गोष्ट मर्यादेची. निर्वातात, स्वच्छ करून, थंड ठेवून तपासलेला पृष्ठभाग कारखान्यातील उष्ण, दाबाखालच्या, ओलसर वायूंच्या गर्दीत तसाच वागेल याची हमी नसते. ही उणीव ओळखून २००० च्या दशकाच्या आरंभापासून उत्प्रेरक प्रत्यक्ष काम करीत असतानाच त्याचा वर्णपट घेण्याच्या पद्धतीला ऑपेरान्डो हे नाव मिळाले आणि तिचा प्रसार झाला. पूर्वीचे निष्कर्ष त्यामुळे रद्द झाले नाहीत. ते कोणत्या परिस्थितीपुरते खरे हे त्यांच्याबरोबर लिहिले जाऊ लागले. माणसाविषयीच्या मतालाही अशी परिस्थितीची नोंद जोडावयास हवी. संकटात घाबरलेला माणूस भित्रा ठरविण्याऐवजी त्या संकटात घाबरला एवढेच म्हणणे कदाचित अधिक सत्य असते.

आता एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. ऑक्साइडाची चकती जड आहे. तिच्याविषयी चूक झाली तर तिचे काही बिघडत नाही. माणसांचे व्यवहार प्रयोगशाळेच्या सवडीने चालत नाहीत, आणि एवढी काळजी घेत बसणारा कधी निर्णयच घेऊ शकणार नाही. या आक्षेपाचा पहिला भाग आम्हांस मान्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलट आहे. जडाविषयी चुकलेला पट्टा वीस वर्षांनी सुधारता येतो. माणसाविषयीचा चुकीचा निवाडा त्या माणसाला बदलतो: चोर म्हणून काढलेल्या नोकराला दुसरे घर मिळत नाही, खोटारडे ठरविलेले मूल पुढे खरे सांगणे सोडून देते. जडाच्या बाबतीत जी काळजी ज्ञानासाठी घेतात, ती माणसाच्या बाबतीत न्यायासाठी घ्यावी लागते. शिवाय माणसाजवळ चकतीजवळ नसलेली एक गोष्ट आहे: त्याला विचारता येते. नैयायिकांनी शब्द हे स्वतंत्र प्रमाण मानले. ज्याला बोलता येते त्याला न विचारता केवळ चिन्हांवरून निकाल देणे, म्हणजे माणसाला चकतीच्या पंक्तीस बसविणे होय. तो खोटे बोलेल ही शक्यता आहेच, पण खोटे बोलण्याची शक्यता हे न विचारण्याचे कारण होऊ शकत नाही. आक्षेपाच्या दुसऱ्या भागाला उत्तर असे की, निर्णय थांबविण्याची गरज नाही. निर्णयाचे वजन पुराव्याच्या वजनाएवढे असावे. संशयावरून कपाटाला कुलूप लावणे आणि संशयावरून माणसाला घराबाहेर काढणे यांत फरक आहे. पहिले परत फिरविता येते.

ही पत्रिका ज्यांच्या घरी जाते त्या कुटुंबांना या प्रश्नाची दुसरी बाजूही परिचयाची आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील, किंवा बेळगावच्या सीमेवरील आणि गोव्यातील मराठी माणसाच्या बोलण्यात शेजारच्या भाषेचे शब्द आणि सूर शिरले आहेत, आणि पुण्या-मुंबईकडील पाहुणा चार वाक्यांवरून त्याचे मराठीपण मोजून मोकळा होतो. येथे उपमा ताणण्याचा मोह होतो. पृष्ठभागावर बसलेल्या कार्बन मोनॉक्साइडची खूण सरकते, तरी तो कार्बन मोनॉक्साइडच असतो. सरकलेली खूण तो कोणाच्या शेजारी बसला आहे एवढे सांगते. पण काही ऑक्साइडांवर कार्बन डायऑक्साइड ऑक्सिजनशी जोडला जाऊन कार्बोनेट होतो, आणि त्याची २३४९ ची खूण जाऊन दुसरेच पट्टे उमटतात. तेव्हा शेजारामुळे सूर बदलणे आणि मुळात दुसरे काही होऊन जाणे या दोन्ही गोष्टी घडतात. आपल्या घरांत कोणती घडली आहे, हे उपमेने ठरणार नाही. त्यासाठी घराघरांत काय वाचले जाते, मुलांशी कोणत्या भाषेत बोलले जाते, हे पाहावे लागेल. उपमा एवढेच बजावते की, केवळ सुरावरून तो निकाल देता येत नाही. आणि जो न्याय आपण स्वतःसाठी मागतो तो आपल्या शहरात अलीकडे आलेल्या, वेगळ्या सुरात बोलणाऱ्या माणसालाही द्यावयास हवा, हे ओघाने आलेच.

अनुमानावाचून माणसाला माणूस ओळखता येणार नाही. पण अनुमान ही फुकट मिळणारी वस्तू नव्हे. ज्याच्याविषयी ते करावयाचे त्याची पूर्वस्थिती पाहणे, आपल्या मताला खोटे ठरण्याची वाट मोकळी ठेवणे, हलक्या हाताने विचारणे, मौनाला नकार न समजणे आणि निष्कर्षाबरोबर त्याची मर्यादा लिहिणे, हे त्याचे मूल्य आहे. ते मूल्य निर्जीव भुकटीच्या बाबतीत चुकते करणारे लोक आहेत, आणि त्यांना त्याचे विशेष वाटत नाही. मग बरोबरीच्या माणसाच्या बाबतीत आपण उधारीवर काम का चालवावे?